दोतोर कोण? एका बाइंडिंगवाल्याचे म्हणणे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात दोन पत्रे आली. पहिल्यातल्या गृहस्थांचे म्हणणे असे की पीएच.डी. झालेल्यांनी नावाआधी ‘डॉ.’ लावणे सोडावे, लोकांची फसगत होते. चार दिवसांनी एका बाईंनी त्यांना उत्तर दिले. एमबीबीएस म्हणजे नुसती बॅचलर पदवी, खरा डॉक्टर तो ज्याने प्रबंध लिहिला, असा त्यांचा सूर. दोन्ही पत्रे मी सकाळच्या चहाबरोबर वाचली. दोघेही घरचे काहीतरी मनात ठेवून लिहीत आहेत असे मला वाटले.

मी कुठल्याच अर्थाने डॉक्टर नाही. एसएससी आहे, तीही दुसऱ्या खेपेला. पण दोन्ही प्रकारचे डॉक्टर माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि हे मी फुशारकीने म्हणत नाही. १९८९ पासून २०२० पर्यंत पणजीत १८ जून रस्त्याच्या मागच्या गल्लीत माझे टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचे दुकान होते. सुरवातीला दोन टाइपरायटर आणि एक हाताने फिरवायचे कटिंग मशीन, पुढे कॉम्प्युटर आले, मराठी टायपिंगची श्रीलिपी आली, शेवटी महामारी आली आणि शटर खाली गेले. या ३१ वर्षांत बांबोळीच्या मेडिकल कॉलेजातले एमडी-एमएसवाले, ताळगाव पठारावरच्या विद्यापीठातले आणि दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतले पीएच.डी.वाले, सगळ्यांचे प्रबंध मी शिवले, चिकटवले आणि सोनेरी अक्षरांनी मढवले. आत काय लिहिले आहे ते मला फारसे कळले नाही. पण कोण कसा येतो, कशासाठी घाबरतो आणि कशासाठी भांडतो, ते पुरते कळले.

एमडीवाले झुंडीने यायचे. अंतिम परीक्षेच्या निदान सहा महिने आधी प्रबंध सादर व्हावा लागतो, त्यामुळे अख्खी बॅच एकाच आठवड्यात दारात. डोळे तांबारलेले, एकाच्या गळ्यात स्टेथोस्कोप तसाच राहिलेला, एखादी मुलगी पायरीवर बसूनच पेंगते आहे. फोन वाजला की पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर टाकून पळायचे. ‘‘काका, करून ठेवा, ड्युटी संपली की येतो.’’ प्रबंध शंभराच्या आसपास पानांचा. आत एथिक्स कमिटीचे प्रमाणपत्र, रुग्णाच्या संमतीपत्राचे नमुने, आणि शेवटी मास्टर चार्ट.

हा मास्टर चार्ट म्हणजे बाइंडरचा वैरी. मोठ्या कागदावर आडवा छापायचा, तीन घड्या घालून आत बसवायचा, आणि घडी अशी पडली पाहिजे की कटिंग मशीनचे पाते तिच्यावरून जाता कामा नये. एकदा माझ्या पोऱ्याने पाच प्रतींचे चार्ट बरोबर घडीवर कापले. उघडून पाहतो तो प्रत्येक चार्टचे चार तुकडे. रात्री अकरा वाजता पुन्हा छापायला बसलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तो कागद नीट वाचला. एका ओळीत एक माणूस. केस नंबर, वय, बाई की बुवा, साखर किती, रक्तदाब किती, किती दिवस भरती, आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर. बहुतेक ओळींना एक अक्षर, काही थोड्या ओळींना दुसरे. प्रबंध ज्या मुलीचा होता तीही नाइलाजाने थांबली होती. मी विचारले, हे दुसरे अक्षर कशाचे? ती म्हणाली, ‘‘ते गेले, काका.’’ मग सतराव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ही सांगे तालुक्यातली. रोज मला विचारायची, बाय, जेवलीस काय?’’ पुढे काही न बोलता फोन बघत बसली.

पीएच.डी.वाला नेहमी एकटा. वर्षात केव्हाही, जूनच्या धो धो पावसातसुद्धा, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा घेऊन. आधी परीक्षकांना पाठवायच्या प्रती, त्या स्पायरलमध्ये. मग माणूस कित्येक महिने गायब. व्हायवा (तोंडी परीक्षा) झाला की दुरुस्त्या करून परत यायचा आणि मग काळे नाहीतर गर्द निळे रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरे. अडीचशे, तीनशे, कधी चारशे पाने. हे लोक काम टाकून जात नाहीत. खांद्यामागे उभे राहतात. सरस सुकतो आहे तोही बघतात.

त्यातला एक इतिहासाचा. पाच प्रती शिवून, पाठीला सरस लावून दाबणीत ठेवल्या होत्या. हा गडी धापा टाकत आला. पान २१४ बदलायचे. का? तिथे ‘सिद्ध होते’ छापले आहे, ते ‘सूचित होते’ हवे. मी वैतागलो. सुरीने पान मुळाशी कापायचे, नवे पान बोटभर पट्टीवर चिकटवायचे, पाच वेळा, आणि एवढे करून वाचणार कोण? मी तसे बोललोही. तो म्हणाला, ‘‘परीक्षकांनी नेमके तेच वाचले ना!’’ पुराव्याचा एक कागद त्याला मिळाला नव्हता. जिथे तो असायला हवा होता त्या दप्तराची ती पाने कसरीने खाल्लेली. म्हणून ‘सिद्ध’ नाही. पाच पाने बदलली, जादा पैसे घेतले आणि घरी गेल्यावर बायकोला सांगितले की आज एक वेडा आला होता.

आपल्या दोन्ही पत्रलेखकांची गफलत मला इथेच दिसते. एमडीचा प्रबंध हा शिक्षणातला एक टप्पा आहे. तो मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही हे खरे, पण पास-नापास त्यावर ठरत नाही. ते ठरते पेपरांवर आणि मुख्य म्हणजे प्रात्यक्षिकात, जिथे समोर जिवंत रुग्ण असतो आणि परीक्षक विचारतात, सांग, याला काय झाले आहे आणि तू काय करशील? पीएच.डी.त प्रबंध हेच सर्वस्व. निदान दोन परीक्षक बाहेरचे, मग सर्वांसमक्ष तोंडी परीक्षा, आणि प्रश्न एकच: आधी कोणाला ठाऊक नव्हते असे तू काय आणलेस आणि ते खरे कशावरून? एकाने जगाला जे ठाऊक आहे ते आपल्याला येते, आणि चुकता उपयोगी नाही तिथे येते, हे दाखवायचे. दुसऱ्याने ठाऊक असलेल्याच्या कुंपणाबाहेर एक पाऊल टाकून दाखवायचे, बोटभर का असेना. यांची तुलना करून मोठा-धाकटा ठरवणे म्हणजे सुताराने बरी खुर्ची केली की रापण ओढणाऱ्या कोळ्याने बरे नुस्ते, म्हणजे मासे, काढले, असला प्रश्न.

वर्षांचा हिशेब लोक फार घालतात, म्हणून तोही सांगतो. एमबीबीएसला साडेचार वर्षे आणि एक वर्ष इंटर्नशिप. वर एमडी किंवा एमएसची ३. पुढे हृदयाचा, मेंदूचा वगैरे खास डॉक्टर व्हायचे तर डीएम किंवा एमसीएचची आणखी ३. झाली साडेअकरा. दुसरीकडे बी.एससी.ची ३, एम.एससी.ची २, आणि पीएच.डी.ला यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे कमीत कमी ३, जास्तीत जास्त ६. म्हणजे आठ ते अकरा. एवढे जवळजवळचे आकडे असताना ‘त्यांनी काय, दोनचार वर्षांत केले’ असे कोणी कोणाला म्हणू नये.

आता ‘बॅचलर पदवी’ या टोमण्याबद्दल. नाव बॅचलरचे आहे, खरे. एकदम दोन बॅचलर पदव्या आहेत, मेडिसिनची आणि सर्जरीची. ही पद्धत इंग्रजांची आणि तिथेही एमबीबीएसवाल्याला डॉक्टर म्हणतात ते रिवाज म्हणून. गंमत म्हणजे त्याच विलायतेत सर्जन झाला की तो अभिमानाने पुन्हा ‘मिस्टर’ होतो, कारण जुन्या काळी शस्त्रक्रिया करणारे न्हाव्यांच्या संघातले असत, विद्यापीठातले नव्हेत. अमेरिकेत पहिलीच वैद्यकीय पदवी एमडी, पण ती कॉलेजची चार वर्षे झाल्यावर घ्यायची. इंग्लंडात एमडी म्हणजे चक्क संशोधनाची पदवी. रशियातून शिकून येणारी आपली मुले एमडी घेऊन येतात आणि इथे ती एमबीबीएसच्या बरोबरीची धरली जाते, तीही इथली परीक्षा पास झाल्यावर. जर्मनीत वैद्यकीय ‘डॉक्टर’ ही उपाधी हवी तर प्रबंध लिहावाच लागतो, पण तो बरेच विद्यार्थी शिकता शिकताच लिहून टाकतात, म्हणून युरोपीय संशोधन परिषद नुसत्या त्या उपाधीला पीएच.डी.च्या जोडीला बसवत नाही. एमडी, तीच दोन अक्षरे, पण देशागणिक अर्थ वेगळा. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली पेनसिल्व्हेनियात एमडी झाल्या, त्यांनीही प्रबंध लिहिला होता, हिंदू आर्यांतल्या प्रसूतिशास्त्रावर.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर ‘शिकवणारा’. मध्ययुगातल्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तिन्ही शाखांत डॉक्टर होत. त्यामुळे ‘डॉक्टर हा शब्द आमचा, तुम्ही चोरला’ असे दोन्ही बाजूंना म्हणता येत नाही. पीएच.डी. आजच्या रूपात आली ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीतून. अमेरिकेत पहिली येल विद्यापीठाने १८६१ साली दिली, आणि ऑक्सफर्डला तर १९१७ उजाडावे लागले.

आपल्या गोव्यात हा गोंधळ पोर्तुगिजांनी आणखी घट्ट केला. पोर्तुगीज भाषेत पदवीधर माणसाला सरसकट ‘दोतोर’ म्हणायची रीत. आपण तो शब्द उचलला आणि इंजेक्शन देणाऱ्याला चिकटवला. पणजीत १८४२ साली एस्कोला मेडिका ही वैद्यकीय शाळा निघाली, मुक्तीनंतर तिचेच मेडिकल कॉलेज झाले. त्या शाळेतून निघालेले गोंयकार आफ्रिकेतल्या वसाहतींत सरकारी डॉक्टर म्हणून जात, पण खुद्द पोर्तुगालात त्यांची पदवी तिथल्या बरोबरीची मानत नसत. गावी दोतोर, लिस्बनला दुय्यम. तेव्हा पदव्यांची ही उतरंड काही आजची नाही.

आणि जुन्या सचिवालयाजवळचा आबे फारियांचा पुतळा घ्या. बाईवर हात पसरून उभे असलेले ते पाद्री. एका पर्यटकांच्या टोळक्याला गाईड ‘फेमस डॉक्टर ऑफ गोवा’ म्हणून सांगताना मी कानांनी ऐकला आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेल्या या माणसाची डॉक्टरेट रोममधली आणि ती धर्मशास्त्रातली. पॅरिसात जाऊन माणसाला झोप कशी लागते, गुंगी कशी येते ते त्यांनी शोधले आणि संमोहनशास्त्राचा पाया घातला. गाईड चुकला म्हणावे तर पूर्ण चुकलाही नाही.

माझ्या गल्लीला ज्या रस्त्याची सावली मिळाली, त्याच्या नावात तर दोन्ही डॉक्टर आहेत. १८ जून १९४६, मडगाव. राममनोहर लोहिया हे बर्लिनचे पीएच.डी., विषय मिठावरचा कर. ते गोव्यात आले होते विश्रांतीला, आसोळण्यात मित्राच्या घरी, आणि तो मित्र ज्युलियांव मिनेझिस, बर्लिनलाच शिकलेला वैद्यकीय डॉक्टर. त्या दिवशी पोर्तुगिजांची सभाबंदी मोडायला दोघे बरोबर गेले आणि दोघांनाही पकडले. बाबासाहेबांचे तर सांगायलाच नको. लंडनची डी.एससी. १९२३ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ची. ‘डॉ. आंबेडकर’ म्हटल्यावर महाराष्ट्रात की गोव्यात, त्यांचा दवाखाना कुठे होता असे कोणी विचारले आहे काय? आणि पेडण्यातल्या मांद्र्याला जन्मलेले भाऊ दाजी लाड मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. दिवसा रुग्ण पाहिले, उरलेल्या वेळात शिलालेख वाचले. पीएच.डी. तेव्हा इथे नव्हतीच. पहिल्या पत्रातल्या गृहस्थांनी ‘डॉ.’ काढून घ्यायचे म्हटले तर कोणाकोणाचे काढणार?

इथवर मी दुसऱ्या पत्रातल्या बाईंच्या बाजूने बोलतो आहे असे वाटेल. म्हणून आता एका रात्रीचे सांगतो.

माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी ‘डॉक्टर’ म्हणायचो. गिऱ्हाईक खूश होते आणि नाव लक्षात ठेवावे लागत नाही. पणजीतल्या आमच्या मळा भागातच राहणाऱ्या एक बाई, मांडवीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, पीएच.डी. केलेल्या. होय, आपण खोबरे घालून खातो त्याच तिसऱ्या. त्या कुठल्या गाळात वाढतात, पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की काय होते, असे काहीतरी. प्रबंध मीच बांधलेला, जिल्द अजून मजबूत आहे. तर एका रात्री साडेबाराच्या सुमारास माझ्या आईच्या पाठीत आणि छातीत दुखू लागले, अंगाला दरदरून घाम. मी घाबरलो आणि डोक्यात आले ते एकच, डॉक्टर जवळच आहेत. गाऊनवर ओढणी टाकून बाईंनी दार उघडले. मी आईचे जुने रिपोर्ट त्यांच्या पुढे धरले. त्यांनी ते हातातसुद्धा घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘‘काका, हांव दोतोर, पूण तिसऱ्यांची.’’ आणि आत जाऊन गाडीची चावी घेऊन आल्या.

बांबोळीपर्यंतच्या वाटेत आई मागच्या सीटवरून त्यांना दोनदा म्हणाली, ‘‘बाय, तूं दोतोर मगे, सांग गे कितें जालां तें.’’ बाई गाडी चालवत राहिल्या. शांतपणे म्हणाल्या, ‘‘आजी, मला कळत नाही. ज्यांना कळते त्यांच्याकडेच चाललो आहोत.’’ आपल्याला नेमके काय येत नाही ते इतक्या ठामपणे सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी स्वतः तर आयुष्यभर येत नाही त्या गोष्टीत मत देत आलो आहे, हे पत्रही त्यातच धरा.

कॅज्युअल्टीत एक इंटर्न होती. म्हणजे अजून पुरती डॉक्टरसुद्धा नाही. चोवीस वर्षांची असेल, केस वर बांधलेले, पायात रबरी चपला. ‘‘आजीक केन्नाच्यान दुखता? घाम आयिल्लो? साखर आसा?’’ हे विचारता विचारताच तिने ईसीजीच्या तारा लावल्या, पट्टी निघाली, तिने एक नजर टाकली आणि सीनिअरला हाक मारली. आम्ही आत शिरल्यापासून पाच मिनिटे झाली नसतील. त्या पाच मिनिटांत तिने ‘बहुधा’, ‘सूचित होते’ असे काही म्हटले नाही. म्हणत बसली असती तर आई गेली असती. पुढे आई नऊ वर्षे जगली, तिने कुळागरातल्या नारळांचा हिशेब शेवटपर्यंत सोडला नाही.

पण पहाटेची गोष्ट राहिली. आई आत, आम्ही बाहेर बाकड्यावर. इंटर्न जरा मोकळी झाली तशी तिसऱ्यांच्या बाईंनी तिला गाठले. त्या पट्टीवरच्या बारीक चौकटी म्हणजे किती वेळ? ती म्हणाली, एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. बाईंचा पुढचा प्रश्न, २५च का? ३० का नाही? कोणी ठरवले? इंटर्न हसायलाच लागली. ‘‘मॅडम, हे आम्हाला परीक्षेत कोणी विचारत नाही.’’ बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांना ते खरोखरच हवे होते. मग दोघी कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला गेल्या आणि मला बोलावलेसुद्धा नाही.

आता माझी खरी तक्रार. ती डॉक्टरांवर नाही, छापणाऱ्यांवर आहे, आणि त्यात मीही आलो. कारण ३१ वर्षांत मी हजारो कागदांवर नुसते ‘डॉ.’ छापले.

काही वर्षांमागे एका दैनिकात (आपल्या नव्हे) मधुमेहावर कसे जेवावे असा अर्धा पानभर लेख आला. लेखकाच्या नावाआधी ‘डॉ.’. डिचोलीच्या माझ्या मेहुण्याने तो कापून पाकिटात ठेवला, गोळ्या बंद केल्या आणि महिनाभर कसलासा पाला वाटून प्यायला. साखर इतकी चढली की भरती करावे लागले. मागून कळले, लेखकमहाशयांची डॉक्टरेट खरी होती, रीतसर मिळवलेली होती, पण विषय होता सहकारी पतसंस्था. त्या माणसाने आपण वैद्यकीय डॉक्टर आहोत असे कुठेही लिहिले नव्हते. लिहिले नाही हेच तर झाले.

उलटेही होते, पण त्याची बोंब कोणी मारत नाही. अंत्रुज महालातल्या (फोंड्याकडच्या) एका देवस्थानची स्मरणिका माझ्याकडे बांधायला आली होती. तिच्यात एका नामवंत एमएस सर्जन डॉक्टरांचा लेख, देवळाच्या इतिहासावर. शिलालेख नाही, दप्तर नाही, ताम्रपट नाही, पण देऊळ दोन हजार वर्षांचे. पुढच्या काल्याला कीर्तनकाराने तोच आकडा सांगितला, त्यानंतर कमानीवर रंगवला गेला. मी हळूच विचारले तर समितीचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘अहो, डॉक्टरांनी लिहिले आहे!’’ तेव्हा मला तो पान २१४वाला आठवला, आणि त्याच्याकडून जादा पैसे घेतल्याची जराशी लाजही वाटली. मेहुण्याला पतसंस्थेच्या डॉक्टरने बुडवले आणि देवळाला हर्नियाच्या. देऊळ दगडाचे म्हणून त्याला भरती करावे लागले नाही, इतकाच फरक.

दोघांना जाब विचारायची सोयही वेगवेगळी आहे, आणि वाचकाला ती ठाऊक हवी. वैद्यकीय डॉक्टरचे नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत असते, तो नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि प्रिस्क्रिप्शनवर लिहावा असा नियमच आहे, आणि गुन्हा घडला तर ते नाव नोंदवहीतून काढता येते. पीएच.डी.वाल्याला असली नोंदवही नाही. त्याचा प्रबंध असतो. तो ग्रंथालयात असतो, आताशा ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर घरबसल्या उघडता येतो, आणि चूक असेल तर कोणीही उठून दाखवू शकतो. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये असे पत्र काढले आणि लगेच मागे घेतले. सरकारच एका रात्रीत पलटी खाते तिथे मी काय निवाडा करणार?

म्हणून निवाडा नको, माझे मागणे साधे आहे. आपल्या अंकात ज्याच्या नावाआधी ‘डॉ.’ येईल त्याच्या नावानंतर पदवी आणि विषय छापावा. ‘डॉ. अमुक, एमडी, बालरोग’. ‘डॉ. तमुक, पीएच.डी., मराठी’. आरोग्याच्या लेखाखाली तर हे हवेच. जागा लागते असे उपसंपादक म्हणतील. लागते. सोनेरी अक्षरांचे पैसे मी अक्षरागणिक घ्यायचो, त्यामुळे एका अक्षराची किंमत मला कोणी शिकवायला नको. पण मेहुण्याच्या भरतीचे बिल मी पाहिले आहे.

लोक रागावतील ही भीती मात्र खरी आहे. एकदा लग्नाची पत्रिका छापायला घेतली होती. नवरी डॉ., नवरा डॉ. ती दातांची, तो मराठीचा. मी शहाणपणा करून दोघांच्या नावापुढे कंसात पदव्या टाकल्या. नवऱ्याचा बाप प्रूफ घेऊन आला आणि म्हणाला, कंस काढा, आमचा मुलगा कमी दिसतो. दुसऱ्या दिवशी नवरीची आई आली. म्हणाली, कंस ठेवा, नाहीतर आमची मुलगी आणि तो सारखेच दिसतात. शेवटी नवऱ्यामुलाने स्वतः फोन करून दोन्ही ‘डॉ.’ काढायला सांगितले. पत्रिका फार देखणी झाली. ती दोघे आता म्हापशाला असतात.

तिसऱ्यांच्या बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. त्या रात्रीनंतर मळ्यात बातमी पसरलीच होती की अडीअडचणीला या डॉक्टर दार उघडतात, त्यामुळे ताप, उलट्या, पडलेली पोरे, सगळे त्यांच्या दारात. त्या दर वेळी तेच वाक्य म्हणत आणि चावी आणायला आत जात. आता वयामुळे रात्री गाडी चालवणे जमत नाही. परवा मला म्हणाल्या, काका, नवी पाटी करून द्या. दुकान नाही, पण अक्षरांचा एक डबा मी ठेवला आहे. पाटीवर पहिल्या ओळीत त्यांचे नाव, ‘डॉ.’सकट. दुसऱ्या ओळीत ‘पीएच.डी., समुद्रविज्ञान’. तिसरी ओळ त्यांनी स्वतः सांगितली आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत हवी म्हणाल्या: ‘रुग्णवाहिका: १०८’. पैसे मी घेतले नाहीत.

आपला,
एक निवृत्त बाइंडिंगवाला
मळा, पणजी